गीअरपेटी : हस्तचलित व स्वयंचलित

एंजिनाची शक्ती चाकांकडे किंवा रणगाड्याच्या पट्ट्यांकडे नेताना फेऱ्यांचा वेग व फिरविण्याचा जोर यांचे प्रमाण बदलणाऱ्या यंत्रणेस गीअरपेटी किंवा दंतचक्रपेटी म्हणतात. अंतर्ज्वलन एंजिन फेऱ्यांच्या ठराविक मर्यादेतच पुरेसा जोर देते. त्यामुळे चढणीवर किंवा थांबलेले वाहन हलविताना वेग कमी करून जोर वाढवावा लागतो आणि सपाटीवर याच्या उलट करावे लागते. हा बदल चालक क्लच दाबून व दांडा सरकवून करतो, तेव्हा ती पेटी हस्तचलित असते. यंत्रणा तो आपोआप करते, तेव्हा ती स्वयंचलित होय. दोहोंच्या दरम्यान अर्धस्वयंचलित अशा अनेक पद्धती आहेत. यांपैकी कोणती निवडावी हा प्रश्न शर्यतीच्या व क्रीडा मोटारींच्या संदर्भात नेहमी चर्चिला जातो. परंतु त्याचा सर्वांत कसून विचार रणगाड्यांच्या बाबतीत झाला आहे. कारण तेथे चुकलेल्या गीअरची किंमत केवळ वेळात मोजली जात नाही. महाराष्ट्रात या विचाराचा इतिहास प्रत्यक्ष वाहनांच्या रूपाने पाहावयाचा, तर अहमदनगर जिल्ह्याइतके (२०२४ पासून अहिल्यानगर) सोयीचे दुसरे ठिकाण नाही.

अहमदनगर येथे ब्रिटिश काळापासून लढाऊ वाहनांचे प्रशिक्षण दिले जात असे. तेथे आधीच चालू असलेल्या लढाऊ वाहन विद्यालयात १९४८ मध्ये रणगाडा दलाच्या इतर प्रशिक्षण शाखा मिळविण्यात आल्या व त्यांतून चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय उभे राहिले. वाहन संशोधन व विकास संस्थेचा उगम १९२९ मध्ये रावळपिंडीजवळील चकलाला येथे स्थापन झालेल्या यांत्रिक वाहनांच्या तपासणी कार्यालयात आहे. फाळणीनंतर हे कार्यालय अहमदनगरला आले. रणगाड्यांचे काम पुढे तमिळनाडूतील आवडी येथे गेले व तेथे १९७६ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. चाकांच्या वाहनांचे काम मात्र मुख्यतः नगरलाच राहिले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून विजयंतापर्यंतची वाहने मांडलेली आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच तोफांकडे जाते. परंतु या वाहनांच्या पोटातील गीअरपेट्या लक्षात घेतल्या, तर हे संग्रहालय गतिप्रेषणाचाही एक चांगला इतिहास ठरते.

फ्रान्समध्ये एमिल लव्हासॉर याने १८९० नंतरच्या दशकात सरकत्या दंतचक्रांची पेटी मोटारीत रूढ केली. तीत एक दंतचक्र सरकवून दुसऱ्यात अडकवावे लागे आणि दोहोंचे वेग जुळले नाहीत, तर दात एकमेकांवर घासून खरखराट होई. यावर उपाय एकच, तो म्हणजे चालकाचे कौशल्य. खालचा गीअर टाकताना क्लच एकदा दाबून दांडा मोकळ्या स्थितीत आणावयाचा, एंजिनाचा वेग किंचित वाढवावयाचा, मग पुन्हा क्लच दाबून गीअर टाकावयाचा. या दुहेरी क्लचच्या कसरतीवर त्या काळच्या चालकाची परीक्षा होई. रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या मोटारीची पेटी याच जातीची होती. ही मूळची ऐषारामी व लांब पल्ल्याची मोटार. तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून पहिल्या महायुद्धात चिलखती मोटार तयार झाली व तशा मोटारी नंतर हिंदुस्थानातही वापरल्या गेल्या. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत वेग आपोआप जुळविणाऱ्या कड्यांची, म्हणजे सिंक्रोमेश, पेटी आली आणि खरखराटाचा प्रश्न पुष्कळसा मिटला.

दरम्यान दुसरा मार्गही निघाला होता. १९१६ मध्ये युद्धात उतरलेल्या पहिल्या ब्रिटिश रणगाड्यातील आठ जणांपैकी चौघे केवळ तो चालविण्यात गुंतलेले असत. एक चालक, ब्रेक सांभाळणारा अधिकारी आणि दोन्ही बाजूंच्या दुय्यम गीअरांसाठी एकेक गडी अशी ही विभागणी होती. एंजिनाच्या गोंगाटात गीअर बदलण्याची सूचना हाताच्या खुणांनी किंवा ठोके देऊन द्यावी लागे. या रणगाड्याच्या जनकांपैकी वॉल्टर गॉर्डन विल्सन याने ग्रहमाला दंतचक्रे वापरून १९१८ च्या पाचव्या नमुन्यात हे सर्व काम एका माणसावर आणले. ग्रहमालेत मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे फिरतात आणि बाहेरचे कडे ब्रेकच्या पट्ट्याने रोखले की गतीचे प्रमाण बदलते. दात अडकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विल्सनने पुढे यावरूनच पूर्वनिवड गीअरपेटी तयार केली. तीत चालक पुढचा गीअर दांड्याने आधीच निवडून ठेवतो व योग्य क्षणी केवळ पायडल दाबतो. १९३० नंतरच्या दशकात ही पेटी क्रीडा मोटारींतही शिरली. एम.जी. कंपनीची के-३ मॅग्नेट आणि ई.आर.ए. या शर्यतीच्या मोटारी त्याच पेटीवर धावल्या. हात स्टिअरिंगवरच ठेवून वळण घेता येते, हा तिचा लाभ शर्यतपटूंना तत्काळ पटला. मटिल्डा रणगाड्यातही विल्सनची सहा गतींची पेटी होती. त्याच काळातील व्हॅलेंटाइनमध्ये मात्र साधी पाच गतींची हस्तचलित पेटी बसविली होती. दोन्ही रणगाडे नगरच्या संग्रहालयात आहेत.

रणगाड्यात गीअरचा संबंध वेगाइतकाच वळण्याशीही असतो, ही गोष्ट मोटारीच्या अनुभवावरून लक्षात येत नाही. चर्चिल व नंतरचा सेंच्युरियन यांतील मेरिट-ब्राउन पद्धतीत प्रत्येक गीअरला वळणाची ठराविक त्रिज्या असते. खालच्या गीअरमध्ये रणगाडा लहान वर्तुळात वळतो आणि पेटी मोकळी असताना जागच्या जागी फिरू शकतो. म्हणून सेंच्युरियनचा चालक वळणाआधीच गीअर ठरवीत असे. त्याच्या पेटीत पुढच्या पाच व मागच्या दोन गती होत्या आणि दुहेरी क्लचची कसरत त्यालाही चुकली नव्हती. पन्नास टनांचे हे धूड चढणीवर गीअर बदलताना क्षणभरही शक्तीविना राहिले, तर जागीच थबकते व मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या जवानाने भरती होण्यापूर्वी कदाचित कोणतेही वाहन चालविले नव्हते, त्याच्याकडून हे करवून घ्यावयाचे म्हणजे सराव, पुन्हा सराव आणि वस्तादाची करडी नजर एवढाच मार्ग होता.

पूर्ण स्वयंचलित पेटी अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. तीत क्लचऐवजी तेलाने भरलेली द्रवचलित जोडणी व मागे ग्रहमाला होती. थोड्याच वर्षांत ती एम-५ स्टुअर्ट व एम-२४ शॅफी या हलक्या रणगाड्यांत बसविण्यात आली. लाखो नवख्या सैनिकांना कमी वेळात चालक बनवावयाचे असल्याने अमेरिकेला ती सोयीची होती. युद्धानंतर पॅटन रणगाड्यात ॲलिसन कंपनीची सीडी-८५० ही पेटी आली. टॉर्क कन्व्हर्टर, गती बदलणे, वळणे व ब्रेक हे सारे तिच्यात एकत्र होते आणि पुढे जाण्यास केवळ दोन टप्पे पुरत. एका छोट्या दांड्याने पॅटन कोणालाही वळविता येई.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे या दोन परंपरा समोरासमोर आल्या. भारताकडील सेंच्युरियन, शर्मन व एएमएक्स-१३ हे तिन्ही रणगाडे हस्तचलित होते. पाकिस्तानचे पॅटन स्वयंचलित. पॅटनांचा तेथे मोठा पराभव झाला व हाती लागलेल्यांपैकी काही अहमदनगरला आले. यावरून हस्तचलित पेटी श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु तो ग्राह्य नाही. पाणी सोडलेली उसाची शेते, भारतीय रणगाड्यांची दबा धरून केलेली मांडणी आणि आक्रमकांच्या चुका यांनी ती लढाई ठरली. चिखलात रुतलेल्या रणगाड्याला कोणतीच पेटी वाचवीत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात गरीबपूर येथे हस्तचलित पीटी-७६ रणगाड्यांनी हायड्रामॅटिक पेटीच्या शॅफींचा मोड केला, त्याचेही श्रेय गीअरपेटीला देता येत नाही. मात्र या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट दिसते : मुरलेल्या चालकाच्या हाती हस्तचलित पेटी अडसर ठरली नाही.

विजयंता (१९६५ पासून आवडी येथे निर्मिती) या रणगाड्यात भारताने मधला मार्ग स्वीकारला. त्याच्या टीएन-१२ पेटीत विल्सनची ग्रहमाला व मेरिटची वळण-यंत्रणा एकत्र आल्या होत्या. गती निवडण्याचे काम चालकाचे, ती अडकविण्याचे यंत्राचे. पेटीपेक्षा त्याच्या लेलँड एंजिनानेच सैन्याला अधिक सतावले. रशियन टी-५५ पुन्हा पूर्ण हस्तचलित होता व त्याचे दांडे ओढून चालकाचे खांदे भरून येत. टी-७२ मध्ये दोन्ही बाजूंना ग्रहमालेच्या स्वतंत्र पेट्या, सात पुढच्या गती आणि एकच मागची गती आहे. ही रचना हलकी, आटोपशीर व दुरुस्तीस सोपी असली, तरी मागे सरण्याचा वेग ताशी जेमतेम ४ किमी. पडतो. माऱ्याच्या टप्प्यात आलेल्या रणगाड्याला ही मोठीच उणीव होय. टी-९० मध्येही हीच परंपरा चालू राहिली. १९७४ मध्ये मंजुरी मिळालेल्या अर्जुन रणगाड्यासाठी मात्र जर्मनीच्या रेंक कंपनीची स्वयंचलित पेटी (चार पुढच्या, दोन मागच्या गती) १,४०० अश्वशक्तीच्या एंजिनासह घेण्यात आली. चालकाचा शीण त्यामुळे कमी झाला. परंतु वजन व परदेशी भागांवरील अवलंबन वाढले.

क्रीडा मोटारींच्या जगात याच प्रश्नाने उलटसुलट वळणे घेतली. ज्या रोल्स-रॉइसची सरकत्या चक्रांची मोटार नगरला मांडलेली आहे, त्याच कंपनीने १९५२ नंतर हायड्रामॅटिक पेटी परवान्याने बनविली. क्रीडा मोटारींचे चाहते मात्र दीर्घकाळ स्वयंचलित पेटीस नाके मुरडीत, आणि तेव्हा ते सकारणच होते. द्रवचलित जोडणीत शक्ती वाया जाई व बदल संथ होत. १९८९ मध्ये फेरारीने शर्यतीच्या मोटारीत स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गीअर बदलण्याची पद्धत आणली आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळविला. १९९७ मध्ये ती एफ-३५५ या रस्त्यावरील मोटारीत आली. पोर्शने २००८ मध्ये ९११ मोटारीस दोन क्लचांची पेटी दिली. तीत पुढचा गीअर आधीच अडकवून ठेवलेला असतो. म्हणजे विल्सनची कल्पनाच नव्या रूपात परतली. वेगाच्या कसोटीवर हस्तचलित पेटी येथे मागे पडली. तरीही पोर्शने २०१३ मध्ये जीटी-३ ही मोटार केवळ दोन क्लचांच्या पेटीसह दिली, तेव्हा ग्राहकांत नाराजी झाली. २०१६ मध्ये ९११-आर ही केवळ हस्तचलित मोटार ९९१ नगांपुरती निघाली व वापरलेल्या मोटारींच्या बाजारात तिची किंमत मूळ किंमतीच्या कितीतरी वर गेली. २०१७ मध्ये कंपनीने जीटी-३ मध्ये हस्तचलित पेटीचा पर्याय पुन्हा दिला.

जुनी क्रीडा मोटार घेणाऱ्यापुढे म्हणून दोन निरनिराळे हिशेब असतात. हस्तचलित पेटीची झीज सहसा लपत नाही. वरच्या गीअरमध्ये वेग वाढविताना एंजिन पळते पण मोटार पळत नाही, तर क्लच घसरतो आहे. थंड असताना दुसरा गीअर खरखरला, तर जुळणीची कडी झिजली आहेत. हे दोष हाताला व कानाला कळतात आणि साधा मिस्त्रीही ते दुरुस्त करू शकतो. स्वयंचलित पेटीतील दोष तेलात दिसतो. तेल काळपट असेल, त्याला जळका वास येत असेल, किंवा गीअर लागण्यास विलंब होऊन धक्का बसत असेल, तर पेटी उघडावी लागते व त्यासाठी खास अवजारे, सुटे भाग आणि जाणकार हात लागतात. ते जवळपास नसतील, तर स्वस्तात मिळालेली मोटार महाग पडते. अर्जुन व टी-७२ यांच्या तुलनेत सैन्यापुढे आलेला प्रश्न मूलतः हाच आहे. उलट, शहरातील खोळंबत चालणाऱ्या वाहतुकीत क्लचचे जड पायडल तासभर दाबणाऱ्यास स्वयंचलित पेटीचा नाद केवळ आळसाचा वाटणार नाही.

भारतात खाजगी मोटारी दीर्घकाळ जवळजवळ सर्व हस्तचलितच होत्या. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओ मोटारीत हस्तचलित पेटीलाच यांत्रिक हात जोडून क्लच व गीअर आपोआप चालविणारी पद्धत आली. हिची रचना स्वस्त व ओळखीची असल्याने ती लवकर पसरली. मात्र गीअर बदलताना तीत जाणवणारा हेलकावा क्रीडा मोटारीस साजेसा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमान्वये नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे, त्यांत अहमदनगरची वाहन संशोधन व विकास संस्थाही मोडते. संस्थेच्या आवारातील चाचणीमार्गावर लष्करी वाहनांबरोबर नागरी वाहनेही धावतात.