पान लावण्याची विद्या

आमच्या कोलशेतच्या घरात फराळाच्या डब्यांआधी यंदा एक नवे शास्त्र येऊन दाखल झाले. नात पवईच्या आय. आय. टी.त पदव्युत्तर अभ्यासाला गेली. "काय शिकतेस गं?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "संकेतस्थळ कसे आखावे, कोणता मजकूर कोठे ठेवावा, ते." मी हसलो. पाने लावायला दोन वर्षे कशाला हवीत? वाचकहो, ते हसू मागे घेण्यासाठी हा लेख.

विद्या नवी दिसली तरी तिचे मूळ जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर दिला. ही नुसती छापखान्याची सोय नव्हती. वाचक कोण, हे आधी ठरवून मग पान आखले होते. पुढे १९६९ साली पवईला औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत होते. १९८३ पासून तेथे र. कृ. जोशी अक्षर शिकवू लागले. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने देवनागरीच्या वळणांचा आयुष्यभर ध्यास घेतला.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे विश्वजाल जगाला खुले झाले. त्याच वर्षी युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. जोशींनी रेखलेला 'मंगल' टंक विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला. परंतु नवी शिस्त रुळेपर्यंत ज्याने त्याने इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपापली मराठी अक्षरे बसवली होती. ज्याच्या यंत्रात तो टंक नाही, त्याला मराठीच्या जागी निव्वळ रोमन गिचमीड दिसे.

त्या गिचमिडीत माझेही काही बुडाले. आमचे गाव खाडीकाठचे. वीस वर्षांपूर्वी मी म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून शेतांची, खाजणांची, मासळीच्या जागांची नावे टिपली आणि एका संस्थेने ती संकेतस्थळावर चढवली. माझी वही पुढे पावसात भिजली. सांगणारे एकेक करून गेले. खाजणांपलीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी ते पान उघडले, तर एक शब्द वाचता येईना.

नातीने तेच काम अभ्यासाला घेतले. कोणत्या रोमन खुणेआड कोणते मराठी अक्षर दडले आहे, याचा तक्ता तिने केला. जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांनी फार छळले. चार महिन्यांनी नावे परत आली. मी म्हणालो, "आता सालवार लाव, झाले."

"आजोबा, हे शोधायला कोण येणार, ते आधी विचारू या," असे म्हणून तिने एकेक नाव एकेका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठ्या शेजारच्या कोळीणमावशींपुढे पसरल्या. मावशींनी साल विचारलेच नाही. भरतीला बुडणाऱ्या जागा एकीकडे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दुसरीकडे, असे दोन ढीग केले. मग एक चिठ्ठी ऐकून थबकल्या. "ही जागा आमच्या सासऱ्यांची. नाव विसरलेच होते मी."

नातीने चिठ्ठ्यांवरून आधी कागदावर पान आखले. मावशींच्या नातवाला ते दाखवले, तो कोठे अडखळतो ते मुकाट्याने पाहिले आणि पुन्हा आखले. तीन वेळा असे झाले. माझी सालवारी शेवटी तळाशी गेली, तेथेच ती शोभते.

आता दिवाळीला ते पान उघडायचे आहे. उद्घाटन मावशी करणार. त्यांना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक नावाशेजारी त्यांच्याच आवाजातला उच्चार ठेवला आहे.