साखरेला पर्याय: मेपल सिरप आणि सुरतेची नीरा

साखर सोडण्याचा निश्चय केलेल्या घरांत अलीकडे मेपल सिरपची बाटली दिसू लागली आहे. झाडाच्या रसापासून मिळणारा नैसर्गिक गोडवा, अशी त्याची ख्याती आहे. मात्र झाडाचा रस आटवून गोडवा मिळविण्याची विद्या भारताला नवी नाही. गोव्यात माडाचा गूळ परंपरेने बनतो, तर सुरत आणि दक्षिण गुजरातच्या परिसरात हिवाळ्याच्या पहाटे शिंदीची ताजी नीरा आवडीने प्यायली जाते.

दोन झाडे, एकच रीत

जगातील मेपल सिरपचा सर्वांत मोठा वाटा कॅनडातील क्वेबेक प्रांतातून येतो. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठते व दिवसा वितळते, त्या दिवसांत खोडाला छिद्र पाडून रस गोळा केला जातो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के असल्याने 1 लिटर सिरपसाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. सिरप महाग असण्याचे हे प्रमुख कारण होय.

शिंदीच्या शेंड्याजवळचा भाग तासून संध्याकाळी मडके बांधतात आणि सूर्योदयापूर्वी उतरवतात. नीरेत साखरेचे प्रमाण साधारण 10 टक्के असते. म्हणून तिचा गूळ करण्यास रस आणि इंधन दोन्ही कमी लागतात. ऊन चढू लागले की नीरा आंबून तिची ताडी होते. आंबणे लांबावे यासाठी मडक्याला आतून चुना लावतात.

तोडलेल्या झाडाचा सन्मान

या झाडाने सुरत जिल्ह्यात एक वेगळा इतिहासही पाहिला आहे. 1930 मध्ये दांडी सत्याग्रहाच्या काळात दारूबंदीच्या चळवळीचा भाग म्हणून ताडीची असंख्य झाडे तोडण्यात आली. पुढे महात्मा गांधींनीच नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला. वर्धा येथे 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा धंदा हाती घेतला. 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात आरोग्यावर लिहितानाही गांधींनी नीरेची शिफारस केली. दोष झाडाचा नव्हता, आंबवण्याचा होता, हे यातून स्पष्ट झाले.

आरोग्याचा हिशेब

मेपल सिरपच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 260 उष्मांक असतात, तर साखरेत सुमारे 390. हा फरक मुख्यतः सिरपमधील पाण्यामुळे पडतो. त्यातील गोडवा प्रामुख्याने साखरेचाच, म्हणजे सुक्रोजचा असतो. त्यात मँगनीज व रायबोफ्लेविन आढळतात. रक्तातील साखर वाढविण्याचा त्याचा वेगही साखरेपेक्षा काहीसा कमी आहे. गुळातही खनिजे असतात. तथापि, मधुमेही व्यक्तीला यांपैकी काहीही मोकळेपणाने खाण्याची मुभा नाही. बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावी; 5 टक्क्यांहून कमी असल्यास उत्तम. 2000 उष्मांकांच्या आहारात 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, अर्थात सहा चमचे. मध आणि सिरप यांचीही गणना याच मर्यादेत होते.

वापरताना

केक किंवा बिस्किटांत 1 वाटी साखरेऐवजी पाऊण वाटी मेपल सिरप पुरते. मिश्रणातील दूध वा पाणी दोन-तीन मोठे चमचे कमी करावे. खिरीत गूळ घालायचा असल्यास भांडे आचेवरून उतरवून, खीर थोडी निवल्यावर घालावा, अन्यथा दूध फाटण्याची शक्यता असते. बाटली घेताना घटकांची यादी वाचावी. ‘पॅनकेक सिरप’ नावाने मिळणारे पदार्थ बहुधा मक्याच्या साखरेचा पाक आणि कृत्रिम स्वाद यांचे मिश्रण असतात.

स्वादासाठी मेपल सिरप जरूर वापरावे. परंतु केवळ झाडाच्या रसाचा गोडवा हवा असेल, तर त्यासाठी कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. गोडवा कोणत्या झाडाचा, यापेक्षा तो किती चमचे, हाच प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.