आकाशवाणीची धून, नगरची छावणी आणि जर्मन चित्रपट-संगीताचा अवघड वारसा

पहाटे रेडिओ लावला की प्रसारण सुरू होण्याआधी वाजणारी आकाशवाणीची धून मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. खाली तंबोरा, वर शिवरंजनीच्या वळणानं जाणारं व्हायोलिन. ही धून रचण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. व्हायोलिन वाजवणारे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. कॉफमन हे हिटलरच्या राजवटीमुळे मुंबईला आलेले ज्यू संगीतकार होते, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

गेल्या काही वर्षांत 1920 ते 1945 या काळातलं जर्मन चित्रपट-संगीत पुन्हा वाजवलं जाऊ लागलंय. हस्तलिखितं शोधली जातात, जुन्या फिल्म्स दुरुस्त होतात, ऑर्केस्ट्रा समोर बसवून मूकपट दाखवले जातात. त्यासोबत एक अडचणीचा प्रश्न येतो: हे संगीत रचणारा माणूस नाझी काळात काय करत होता?

एक गुरू, दोन शिष्य

बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात फ्रांझ श्रेकर हे रचनाशास्त्राचे मोठे शिक्षक होते. त्यांचे वडील जन्मानं ज्यू. नाझी दबावाखाली त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं आणि 1934 मध्ये ते वारले. त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांपैकी दोघांची नावं इथे महत्त्वाची आहेत.

पहिले हर्बर्ट विंट. ज्यू वारशाच्या गुरूकडे शिकलेले विंट 1931 मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधी, नाझी पक्षात गेले. लेनी रीफेनश्टालच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ (1935) या प्रचारपटाचं आणि पुढे ‘ऑलिंपिया’चं (1938) संगीत त्यांचं. युद्धानंतरही त्यांना काम मिळत राहिलं. स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या 1959 च्या एका गाजलेल्या पश्चिम जर्मन चित्रपटालाही त्यांचंच संगीत आहे.

दुसरे कॉफमन. जन्म 1907, कार्ल्सबाडचा. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, नंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं. प्रागला त्यांनी माहलरच्या संगीतावर प्रबंध लिहिला, पण आपले मार्गदर्शक गुस्ताव्ह बेकिंग हे नाझी युवक संघटनेचे स्थानिक नेते आहेत असं कळल्यावर पदवी घ्यायला नकार दिला. 1934 मध्ये ते मुंबईत उतरले. जर्मनीत चित्रपटविद्या शिकून आलेले निर्माते मोहन भवनानी यांच्यासाठी त्यांनी संगीताचं काम केलं. मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी काढली. 1937 ते 1946 ते मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

भारतीय संगीत त्यांना सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. ज्या गोष्टीवर इतकी माणसं जीव टाकतात ती आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्यातच असणार, अशा विचारानं ते शिकू लागले. पुढे उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवर त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले.

मालाडमधले जर्मन

त्याच 1934 साली मालाडला हिमांशु राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभारली. तिथले तंत्रज्ञही जर्मनच होते: दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग आणि आणखी काही जण. पण ही मंडळी निर्वासित नव्हती, राय यांच्याशी त्यांची म्युनिकच्या चित्रपटधंद्यातली जुनी ओळख होती. ‘अछूत कन्या’ (1936) हा अस्पृश्यतेमुळे तुटलेल्या प्रेमाचा चित्रपट ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केला आणि त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. पडद्यावरची कणव आणि खिशातलं सदस्यत्व यांचा मेळ कसा घालायचा, याचं सोपं उत्तर नाही.

या चित्रपटांचं संगीत मात्र जर्मन नव्हतं. ते सरस्वती देवींचं. मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी, पारशी, पं. भातखंड्यांच्या शिष्या. जर्मन कॅमेरा आणि हिंदुस्थानी सूर हीच बॉम्बे टॉकीजची खरी ओळख म्हणायला हवी.

नगरच्या छावणीत

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं भारतातल्या जर्मन पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडायला सुरुवात केली. देशभरातून त्यांना आणून ठेवलं जाई ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. लष्करी ठाणं असलेल्या या शहराला हे नवीन नव्हतं, पहिल्या महायुद्धातही इथे जर्मन कैदी होते. नेहरूंचा किल्ल्यातला बंदिवास 1942 पासूनचा, म्हणजे ही गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची.

छावणीत कोण कोण होतं हे पाहिलं की गुंता लक्षात येतो. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडले गेलेले गिर्यारोहक हाइनरिश हारर इथेच आणले गेले. ते एसएसचे सदस्य होते, ही बाब जगाला कळायला मात्र 1990 चं दशक उजाडावं लागलं. त्याच छावणीत हिटलरच्या भीतीनं पळून आलेले ज्यूही होते. जर्मनीनं त्यांचं नागरिकत्व जवळपास निरर्थक केलं होतं आणि ब्रिटिशांच्या लेखी ते तरीही जर्मनच होते. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीनं एकेकाची चौकशी केल्यावर त्यांतल्या अनेकांची सुटका झाली. उरलेल्यांना 1941 मध्ये देवळाली आणि मग देहरादूनला हलवलं गेलं. देहरादूनला नाझी आणि नाझीविरोधी यांच्यासाठी अखेर वेगळे विभाग करावे लागले.

बॉम्बे टॉकीजवरही कुऱ्हाड कोसळली. ‘कंगन’चं काम चालू असतानाच ऑस्टेन यांना अटक झाली. विर्शिंग यांनाही नजरकैदेत राहावं लागलं. सुटल्यावर ते मायदेशी न जाता इथेच राहिले. ‘महल’ आणि ‘पाकीजा’चं छायाचित्रण त्यांचं आहे.

सदस्यत्वाचा कागद किती सांगतो?

नाझी जर्मनीत व्यावसायिक संगीतकाराला सरकारी संगीत मंडळाचं सदस्य असणं सक्तीचं होतं, ज्यूंना तिथून हाकललं जाई. म्हणून मंडळाचं सदस्यत्व हा नाझी असल्याचा पुरावा ठरत नाही. पक्षाचं सदस्यत्व ही वेगळी बाब. पण तेवढ्यावरही निकाल लागत नाही, कारण माणसानं प्रत्यक्षात कशाला सूर दिले हेही बघावं लागतं.

वोल्फगांग झेलर यांचं उदाहरण यात सगळ्यांत बोचरं आहे. ‘प्रिन्स अखमेद’ (1926) या सुंदर छायाचित्रपटाचे ते संगीतकार. ‘यूद झ्यूस’ (1940) या ज्यूद्वेष पसरवणाऱ्या, कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. आणि 1947 मध्ये, ज्यू पत्नीला सोडायला नकार देऊन कुटुंबासह आत्महत्या करणाऱ्या नटाच्या सत्यकथेवरच्या ‘एहे इम शाटन’लाही संगीत झेलर यांनीच दिलं. ‘यूद झ्यूस’ आजही जर्मनीत प्रास्ताविक आणि चर्चेशिवाय जाहीरपणे दाखवता येत नाही.

‘लिली मार्लेन’ची चाल बांधणारे नॉर्बर्ट शुल्ट्झे यांनी युद्धगीतंही रचली आणि 1940 मध्ये पक्षात प्रवेश केला. युद्धानंतरच्या चौकशीत पाच श्रेणी होत्या. शुल्ट्झे यांना चौथी, ‘मागून चालणारे’ ही श्रेणी मिळाली आणि दंड भरून ते पुन्हा कामाला लागले. याउलट फ्रांझ वाक्समन यांना 1934 मध्ये बर्लिनच्या रस्त्यात मारहाण झाली, ते देश सोडून हॉलिवूडला गेले आणि तिथे दोन ऑस्कर मिळवले.

जुनी स्वरलिपी कधी चित्रपटही वाचवते. ‘मेट्रोपोलिस’ची हरवलेली दृश्यं 2008 मध्ये ब्यूनोस आयर्सला सापडली, तेव्हा ती कुठे बसवायची हे ठरवायला गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या स्वरलिपीतल्या दृश्यांच्या नोंदी उपयोगी पडल्या. या चित्रपटाच्या लेखिका टेआ फॉन हारबू नाझी पक्षाच्या सदस्य होत्या आणि बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी तेंडुलकर यांच्याशी त्यांनी गुपचूप लग्नही केलं होतं.

कॉफमन 1946 मध्ये मुंबईहून गेले. विनिपेगला ऑर्केस्ट्राचे संचालक झाले, मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. 1984 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या मैफली संगीताची ध्वनिमुद्रिका टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलनं 2020 मध्ये काढली. त्यातल्या काही रचनांत मुंबईत कानावर पडलेले राग स्पष्ट ओळखू येतात. चित्रपटांसाठी त्यांनी केलेलं काम ऐकणं त्याहून अवघड आहे, कारण 1930 च्या दशकातल्या बहुतेक भारतीय बोलपटांच्या प्रती आता उरलेल्याच नाहीत.