सातचं शेपूट

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचो. कारकुनाने नोंद करायची, अधिकाऱ्याने तपासून शेजारी इनिशियल मारायचे. संध्याकाळी बॅलन्सिंग जुळलं नाही की साहेब पान उघडून म्हणायचे, "हे सातचं शेपूट तुझंच ना रे?" बस्स, चोर सापडला!

या वह्यांचा मान मोठा. 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टनुसार मूळ वही कोर्टात न्यावी लागत नसे, प्रमाणित नक्कल पुरायची. 1985 च्या नियमांनी काही नोंदी किमान 5 वर्षं, तर काही 8 वर्षं जपणं बंधनकारक केलं.

तोवर यंत्रांची चाहूल लागली होती. 1983 मध्ये युनियनांशी करार झाला, 1984 मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. मग लेजर पोस्टिंग मशीन, मग पूर्ण संगणकीकृत शाखा. अक्षर गेलं, युजर आयडी आला. कोणी, कधी, काय केलं ते मशीनच लिहून ठेवू लागलं. 2000 च्या आयटी कायद्याने 1891 चा कायदाही बदलला. प्रिंटआऊट पुरावा झाला, पण सोबत दाखला हवा: सिस्टिममध्ये फक्त अधिकृत माणसंच नोंद करतील याची काय काळजी घेतली आहे, ते सांगणारा.

आता हे "अधिकृत माणसं" प्रकरण... आमच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. गर्दी असली की ज्याचा स्क्रीन उघडा त्यावर काम. एकदा एका खात्यात खोटी नोंद निघाली. लॉगमध्ये आयडी माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचा. "मी तेव्हा जागेवर नव्हतो," तो सांगत राहिला. त्याची इन्क्रिमेंट थांबली. त्याचा पासवर्ड मलाही माहीत होता, मीही तो वापरायचो. ती नोंद माझी नव्हती. पण चौकशीत मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही.

2018 च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा बाहेर आला. हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून परदेशी बँकांना गेले होते, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. पासवर्ड एकमेकांना दिल्याच्या बातम्याही आल्या. वाचताना मला आमचं काउंटर आठवलं.

लॉग खोटं बोलत नाही म्हणतात. खरंय. पण कीबोर्डवर बोटं कुणाची होती, हे त्याला कुठे दिसतं? ते आम्हाला दिसत होतं.

असो. आमच्या शाखेतले ते लॉग केव्हाच पुसले गेले असतील. सहकारी भेटतो अधूनमधून, चहा होतो. तो विषय त्याने कधी काढलेला नाही. मीही नाही.