घुबडाचा पत्ता

‘घुबड कोठे राहते?’ या प्रश्नाला प्राथमिक वर्गात ‘ढोलीत’ असे उत्तर मिळते आणि धडा पुढे सरकतो. गिरगाव-लालबागच्या मुलांना मात्र ढोलीपेक्षा जुन्या इमारतीचा पोटमाळा अधिक परिचयाचा असतो. बदामी चेहऱ्याचे गव्हाणी घुबड अशा वळचणीतही राहते आणि तेथील उंदीर खाते. म्हणजे पत्ता जातीगणिक बदलतो. तो चुकीचा नोंदला गेला तर काय होते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासातून दिसते.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमध्ये एक लहानसे घुबड मिळाले. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद झाली नाही. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परिवारातील सालिम अली आणि त्यांचे सहकारी डिलन रिप्ले यांनीही त्याचा शोध घेतला. पण तो सापडला नाही.

वास्तविक संग्रहालयात १९१४ सालचा एक नमुना होता. त्यावरील चिठ्ठीत स्थळ ‘मांडवी, गुजरात’ आणि संग्राहक कर्नल माइनर्ट्‌झहागेन असे लिहिले होते. या चिठ्ठीमुळे काही शोध भलत्याच ठिकाणी घेतले गेले. पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. हा पक्षी मुळात डेव्हिडसन यांचाच. तो चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! क्ष-किरण छायाचित्रांत पेंढा भरण्याची जुनी पद्धत उघड झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मग खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. तोही भर दिवसा. ‘घुबड रात्रीच फिरते’ हे पाठ्यवाक्यही सर्व जातींना लागू नाही, हे येथे लक्षात घ्यावे. २०१४ साली तर तो तानसा अभयारण्यातही आढळला. मुंबईला १८९२ पासून पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचेच हे जंगल!

जंगल कोठे राखायचे, हे अशा नोंदींवरूनच ठरते. चुकीच्या नोंदीने भलतीकडे पहारा बसतो आणि खऱ्या ठिकाणी कुऱ्हाड चालते.

म्हणून वर्गात घुबडाचे चित्र रंगवून घेतल्यावर एक वही ठेवावी. घुबड दिसले वा ऐकू आले, की मुलांनी स्थळ, दिनांक, वेळ आणि ते काय करीत होते, एवढे लिहावे. घरट्याजवळ जाऊ नये, पिलांना हात लावू नये. ऐकीव माहिती असल्यास ‘ऐकीव’ असेच लिहावे आणि न पाहिलेले ‘पाहिले’ म्हणून लिहू नये. पहिलीतल्या मुलालाही हा नियम कळतो. कर्नलसाहेबांनी तो मोडला, त्याची किंमत अभ्यासकांना अनेक वर्षे मोजावी लागली.