लखोट्यावरील पत्ता व नागपुरांतील टपालाचा बटवडा

जुन्या पत्रांचा संग्रह करणारे आपण बहुधा मायन्यापासून मोर्तबापर्यंतचा मजकूर वाचतों व लखोटा बाजूस टाकतों. तिकिटाच्या लोभानें त्याचा कोपरा कापून घेणारेही पुष्कळ. परंतु पत्र ज्या घरीं पोंचवावयाचें तेथवरची वाट त्या लखोट्यावरच लिहिलेली असते. शहराच्या इतिहासास ती मजकुराइतकीच मोलाची होय, हें नागपूरच्या उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भोसल्यांच्या अमलांत पत्रें जासूद-काशिदांच्या हातीं जात. मायन्यांत पदवी व नांव असे; गल्लीबोळाचा उल्लेख बहुधा नसे, कारण पत्र नेणारास धनी कोण व त्याचा वाडा कोठें हें सांगून ठेवलेलें असे. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी निवर्तले व १८५४ सालीं राज्य खालसा झालें. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर कंपनीच्या मुलखांत कोठेंही जाऊं लागलें. पुढें १ जुलै १८७९ पासून एका पैशाचें कार्ड निघालें. लिहिणारा, नेणारा व घेणारा हे तिघे आतां एकमेकांस अनोळखी झाले. ओळखीची जागा पत्त्यानें घेतली.

नागपुरांत पत्ता लिहिणें सोपें नव्हतें. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी हीं नांवें बाजारांच्या वारांवरून पडलेलीं. त्यांतही जुनी शुक्रवारी निराळी आणि नवी शुक्रवारी निराळी. नुसतें ‘शुक्रवारी, नागपूर’ असें लिहिलेलें पत्र दोहोंपैकीं कोठें न्यावें? म्हणून देऊळ, तलाव, दरवाजा किंवा एखादा वाडा यांची खूण सांगणें भाग पडे. शहराची ठेवणही फेरीस अडचणीची. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी नाग नदी, मध्यें शुक्रवारी तलाव, आणि १८६७ सालीं नागपुरास पोंचलेली आगगाडी. या लोहमार्गाच्या पूर्वेस जुनें शहर, पश्चिमेस सीताबर्डी व सिव्हिल लाइन्स. आणि लोहापुलासारख्या मोजक्या जागींच तो ओलांडतां येतो. नकाशांत जवळ दिसणारें घर पायांस दूर पडतें. अशा शहरांत बटवड्याचे विभाग, म्हणजे ‘बीट’, अंतर पाहून नव्हे, तर अडथळे पाहून पाडावे लागतात.

टपालवाला कचेरींतून निघण्यापूर्वीं आपल्या बीटचीं पत्रें चालण्याच्या क्रमानें लावतो. हा क्रम कसा असावा, याचें एक शास्त्र आहे. कोनिग्जबर्ग शहरांतील सात पूल एकेकदांच ओलांडून फिरणें अशक्य आहे, हें ऑयलर या गणितज्ञानें १७३६ सालीं दाखविलें. निघाल्या जागीं परत यावयाचें व कोणतीही वाट दुबार तुडवावयाची नाहीं, तर प्रत्येक चौकांत मिळणाऱ्या वाटांची संख्या सम असली पाहिजे. १९६० सालीं ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञानें टपालवाल्याचाच प्रश्न घेतला: सर्व गल्ल्या हिंडून कचेरींत परतावें, आणि दुबार चाल कमींत कमी व्हावी, तें कसें? महालासारख्या जुन्या वस्तींत आंधळे बोळ असतात. बोळाच्या टोकाशीं वाट एकच, म्हणजे संख्या विषम. आंत शिरलेल्या माणसास तोच बोळ पुन्हां तुडवीत बाहेर यावें लागतें. पत्र बोळाच्या तोंडाशीं द्यावयाचें कीं शेवटच्या घरीं, एवढें पत्त्यांत असलें तरी एक फेरा वांचतो. गणिताचें सूत्र ठाऊक नसतांही पत्ता लिहिणारे हें जाणून होते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतांत काव्यनाटकें लिहिणारे पंडित, ही आम्हां संस्कृताभ्यासकांस अभिमानाची गोष्ट आहे. सहा अंकांपैकीं पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा. शेवटचे तीन बटवड्याच्या कचेरीचे. ४४०००१ हा अंक पत्रास नागपूरच्या मुख्य कचेरींत आणतो, पण तेथेंच थांबतो. कचेरीपासून दारापर्यंतची वाट शब्दांतच राहिली. आतां २०२५ सालीं निघालेला दहा अक्षरांचा ‘डिजिपिन’ सुमारें चार मीटर लांबीरुंदीची जागा नेमकी दाखवितो. सोय मोठी खरी. परंतु ‘अमक्या देवळामागें’ हे शब्द लिहिण्याचें कारणच त्यानें उरणार नाहीं. जें नव्यानें लिहिलें जाणार नाहीं, त्याचे जुने कागद तरी राखले पाहिजेत.

त्यांचा उपयोगही प्रत्यक्ष आहे. महालांतील जुम्मा दरवाजास आज गांधी दरवाजा म्हणतात. जुनें नांव लोकांच्या लेखणींत कधींपर्यंत टिकलें, हें शिक्क्याची तारीख असलेले पत्तेच सांगतील. पत्रांत मिति असून शक नसेल, तर टपालाचा शिक्काच सालाचा निर्णय करतो. एकाच घरीं वीस-तीस वर्षें आलेले लखोटे ओळीनें लावले, तर कोणती खूण मागें पडली व कोणती पुढें आली, हें दिसूं लागतें. कार्डावर मजकूर व पत्ता एकत्र असल्यानें कार्डें वांचलीं; लखोटे मात्र आपल्याच हातून जात आहेत.

तरी संग्राहकांस विनंति अशी कीं, लखोट्यास पत्राचाच क्रमांक देऊन तो पत्रासोबत ठेवावा. तिकीट सोडवूं नये. पत्ता अशुद्धांसह जसाच्या तसा उतरावा. आणि पाठविल्याचा व पोंचल्याचा असे दोन्ही शिक्के यादींत नोंदवावे.