एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर

मंडळी, शिवेवर किंवा तिठ्यावर हळदकुंकू वाहिलेला नारळ पडलेला दिसला, तर आपल्या आजीने तो ओलांडू दिला नसेल. “कोनी तरी गावनी पीडा काढी टाकेल शे,” असं ती म्हणाली असेल. मी आज बोलणार आहे ते अशाच वस्तूंविषयी, ज्या एका गावाने दुसऱ्याच्या हाती द्यायच्या, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि ठेवून मात्र कुणीच घ्यायच्या नाहीत.

परदेशांत या धर्तीचा एक खेळ निघाला आहे. सन २००० च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगन प्रांतात तो सुरू झाला. रानात, पुलाखाली, दगडाच्या कपारीत डबा लपवायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. पुढे त्या डब्यांतून क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले फिरू लागले. ज्याला सापडेल त्याने बिल्ला उचलावा, पुढच्या डब्यात ठेवावा, आणि कोठे ठेवला त्याची संगणकावर नोंद करावी. २००८ साली असा एक बिल्ला अंतराळस्थानकापर्यंत जाऊन पोचला! गंमत आहे खरी. पण वस्तू कोणत्या दिवशी कोठे होती एवढं टिपून ठेवलं की तिची वाट उलगडते, हे आपल्या शेजारच्या मुलखात १८५७ सालीच दिसून आले होते.

धुळ्याहून शिरपूर, पळासनेर करीत सेंधव्याचा घाट चढला की पुढे निमाड लागतो. नर्मदेच्या काठी मंडलेश्वर आहे. १८५७ च्या आरंभी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरू लागल्या. रात्री-अपरात्री एका गावचा चौकीदार, म्हणजे आपल्याकडचा जागल्याच म्हणा, शेजारच्या गावच्या चौकीदाराला उठवी, हातात चपाती देई आणि सांगे, अशाच आणखी भाज आणि पुढल्या गावांना पोचव. का, कशासाठी, कुणाकडून? देणाऱ्यालाही ठाऊक नसे. इंग्रज अधिकारी चक्रावून गेले. सरकारच्या टपालापेक्षा ही चपाती जलद धावते, याचीच त्यांना धास्ती वाटली.

निमाडात त्या वेळी कॅप्टन किटिंग नावाचा अधिकारी होता. त्याने तारखा जुळवून पाहिल्या. मंडलेश्वरी चपात्या वाटल्या गेल्या त्या १२ जानेवारीला. ग्वाल्हेरच्या वाटेवर गुण्याजवळ बजरंगगड आहे, तेथे त्या पोचल्या ९ फेब्रुवारीला. म्हणजे दक्षिणेकडे आधी, उत्तरेकडे जवळजवळ महिन्याने! चपाती सरळ उत्तरेहून खाली आली, हे म्हणणे मग टिकेना. निमाडात ती इंदूरच्या बाजूने आली. इंदुरास तेव्हा पटकीची साथ होती, आणि लोक समजत होते की काही विधी करून रोगच चपातीबरोबर बाहेर धाडला आहे. गुरुजींना एक विनंती आहे. वर्गात नकाशा टांगून या दोन गावांवर या दोन तारखा मुलांकडून लिहून घ्या. इतिहासाचे साधन म्हणजे काय, ते चार व्याख्यानांपेक्षा लवकर कळेल. मात्र चपातीतून बंडाचा निरोप गेला, असे ठोकून सांगू नका. सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकाने इंग्रजांशी झुंज मांडली ती खरी, पण तिला चपातीची गरज नव्हती.

याच किटिंगने आणखी एक नोंद केली आहे, आणि मला ती चपातीहून मोलाची वाटते. गावात देवी, म्हणजे फोड्या, निघाल्या की लोक एक बकरी आणीत, तिच्या गळ्यात नारळ बांधीत. चौकीदार ती मांधात्याच्या, म्हणजे ओंकारेश्वराच्या, वाटेवरल्या पहिल्या गावाला नेई. गावात तिला शिरू देत नसत. तिथला माणूस बाहेरच्या बाहेर तिला पुढच्या पाड्यावर पोचवी. असे विसावा न देता ती बकरी मांधात्यापर्यंत जाई. आपल्याकडचा मरीमायचा गाडा आठवला ना? तोही शिवेपलीकडे ढकलायचा, आणि त्या गावाने आणखी पुढे.

पण बकरीला हाकणारा कोण, रात्री चपाती घेऊन पळणारा कोण? गावच्या पाटलाने कधी ते केलं नाही. आपल्याकडे सरकारी टपाल, साहेबाचं सामान, मेल्या माणसाचा सांगावा पुढच्या शिवेला पोचविण्याचं काम वतनाच्या नावाखाली महारांच्या माथी असे. पाऊस असो, घरी मूल आजारी असो, “नाही” म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. ही वतने कायद्याने गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने. वस्तू किती झपाट्याने फिरली याचं कौतुक करणाऱ्यांनी हे पाय विसरू नयेत.

आता एक उलटा प्रवास ऐका. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांत, अशीच रोगाची देवी निघाली. ती गावातून गावात अंगात येत चालली. सुरगाणा, डांग करीत ती आपल्या पश्चिम खानदेशात शिरली आणि सुरत जिल्ह्यातही गेली. तिचे नाव सलाबाई. यात हाती द्यायची वस्तू नव्हती, द्यायच्या होत्या आज्ञा: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा. आणि कुणाला वेठीला धरलेले नव्हते. आदिवासी माणसे आपल्या पायांनी शेजारच्या गावी जमत, ऐकत, आणि पुढच्या गावाला कळवीत. किनाऱ्याहून निघताना त्या आज्ञांत गांधीजींचे नाव नव्हते, खादी नव्हती. सुरत जिल्ह्यात पोचेपर्यंत दोन्ही त्यात आली होती, वाटेतल्या माणसांनी घातलेली.